रोजकीर्दयुक्त संचिका प्रणाली व माहितीकोश

संगणकाच्या तबकडीवरील संचिकांच्या मांडणीत बदल करण्यापूर्वी त्या बदलाची नोंद क्रमाने लिहिल्या जाणाऱ्या एका स्वतंत्र भागात करून ठेवणाऱ्या व्यवस्थेस रोजकीर्दयुक्त संचिका प्रणाली म्हणतात. संगणक व्यवसायात ती ‘जर्नलिंग फाइल सिस्टिम’ या नावाने ओळखली जाते. जमाखर्चातील रोजकीर्द व खतावणी यांच्यामधील संबंधच येथे आढळतो. व्यवहार घडला की तो प्रथम रोजकीर्दीत तारीखवार उतरतो आणि नंतर सवडीने खतावणीतील योग्य त्या खात्यावर नेला जातो. खतावणीचे काम मध्येच थांबले, तरी रोजकीर्द शाबूत असल्यास ते पुन्हा पुरे करता येते.

बँकांची खाती, रेल्वेचे आरक्षण, जमिनीचे अधिकार अभिलेख इत्यादींची माहिती ज्यात सुसूत्रपणे साठविलेली असते, त्या माहितीकोशाकडून म्हणजे डेटाबेसकडून दोन अपेक्षा असतात. एक, नोंद त्वरेने व्हावी. दुसरी, एकदा ‘झाली’ म्हणून सांगितलेली नोंद वीज गेली तरी नाहीशी होऊ नये. या दोन अपेक्षा परस्परांना छेद देतात. माहितीकोश रोजकीर्दयुक्त संचिका प्रणालीवर ठेवला म्हणजे दुसरी अपेक्षा आपोआप पूर्ण होते, हा समज बराच रूढ आहे. परंतु तो बरोबर नाही. संचिका प्रणालीची रोजकीर्द सामान्यतः तिच्या स्वतःच्या मांडणीचे रक्षण करते. माहितीकोशातील व्यवहारांचे रक्षण माहितीकोशाला स्वतःची रोजकीर्द ठेवून करावे लागते. या दोन रोजकीर्दींपैकी कोणती कोठे शिथिल करता येते व कोठे येत नाही, यावर वेग आणि सुरक्षितता यांचा मेळ अवलंबून असतो.

पार्श्वभूमी : संगणकातील कार्यकारी स्मृती जलद असते, पण वीज गेली की तिच्यातील सर्व माहिती पुसली जाते. तबकडीवरील माहिती टिकते. पण तेथे लिहिणे त्या मानाने फार मंद असते. म्हणून परिचालन प्रणाली लिहावयाची माहिती आधी स्मृतीत साठविते, ‘लिहिले’ असे उत्तर देते आणि प्रत्यक्ष लेखन काही काळाने, सोईच्या क्रमाने उरकते. एका संचिकेत भर घालावयाची झाली, तरी तबकडीवर किमान तीन ठिकाणी बदल करावे लागतात : रिकाम्या जागांच्या नकाशात, संचिकेच्या वर्णनपत्रात आणि मजकुराच्या खंडात. यांपैकी एक किंवा दोन बदल झाल्यावर वीज गेली, तर मांडणी विसंगत होते, उदा., एकच खंड दोन संचिकांच्या मालकीचा दिसू लागतो. जुन्या प्रणालींत अशा वेळी संगणक पुन्हा सुरू झाल्यावर संपूर्ण तबकडी तपासावी लागे. तबकड्या मोठ्या होत गेल्या तशी ही तपासणी तासन्‌तास चालू लागली. रोजकीर्द असल्यास केवळ तिच्यातील अलीकडच्या नोंदी वाचल्या म्हणजे पुरते व हे काम बहुधा काही सेकंदांत होते.

गाव नमुन्यांचे उदाहरण : या पद्धतीमागील तत्त्व महाराष्ट्रातील महसुली दप्तराला संगणकापूर्वीपासून परिचित आहे. सानगडी हे भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील गाव सहानगड किल्ल्यासाठी ओळखले जाते. या धानाच्या मुलखात एखाद्या बांधीची मालकी खरेदीने वा वारसाहक्काने बदलली, तर सातबाऱ्यावरील नाव थेट बदलले जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५० प्रमाणे हा बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, अनुक्रमांक देऊन लिहिला जातो. हे काम तलाठी करीत असे. त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. मग चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना कळविले जाते व हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जाते. मंडळ अधिकाऱ्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच ती गाव नमुना ७ वर, म्हणजे अधिकार अभिलेखात, उतरते. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खरडून न काढता कंसात घालीत आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक लिहीत.

संगणकीय रोजकीर्दीची चारही लक्षणे येथे दिसतात. नोंदी क्रमाने होतात. मूळ अभिलेखात हात घालण्यापूर्वी नोंद होते. प्रमाणित झाल्याखेरीज नोंदीला बळ येत नाही. आणि जुनी स्थिती कोणती होती हे शोधून काढता येते. प्रमाणित झालेला फेरफार सातबाऱ्यावर उतरावयाचा राहून गेला, तर नमुना ६ पाहून तो उतरविता येतो. प्रमाणित न झालेल्या फेरफाराने मात्र सातबारा बदलत नाही. साम्याला एक मर्यादा आहे. मंडळ अधिकारी नोंद खरी आहे की नाही हे पाहतो. संगणकाची रोजकीर्द नोंद पूर्ण आहे की नाही एवढेच पाहते.

महाराष्ट्रात फेरफाराचे हे काम पुढे ‘ई-फेरफार’ या संगणकीय व्यवस्थेतून होऊ लागले व १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचे सातबारा उतारे उपलब्ध झाले. कागदी वहीत शाईने लिहिलेली ओळ डोळ्यांना दिसत असे. पडद्यावर ‘नोंद झाली’ असे दिसते, तेव्हा ती नोंद तबकडीवर पोहोचली आहे, की केवळ स्मृतीत आहे, हे सानगडीच्या खातेदाराला कळण्याचा मार्ग नसतो. त्या दोन शब्दांमागे उभे राहण्याची जबाबदारी माहितीकोश, परिचालन प्रणाली आणि तबकडी या तिन्हींवर असते.

इतिहास : रोजकीर्दीचे तंत्र प्रथम माहितीकोशांत विकसित झाले आणि तेथून संचिका प्रणालींत आले. अमेरिकेतील जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये ‘व्यवहार’ या संकल्पनेची मांडणी केली. व्यवहार एक तर पूर्ण व्हावा, नाही तर मुळीच होऊ नये आणि पूर्ण झालेला व्यवहार टिकावा, हे तिचे सार होय. मूळचे भारतीय असलेले सी. मोहन व त्यांचे आयबीएममधील सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एरीज’ ही पुनःस्थापनेची पद्धती पुढील अनेक माहितीकोशांना आधारभूत ठरली. संचिका प्रणालींत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रातील ‘सीडर’ (१९८७), आयबीएमची ‘जेएफएस’ (१९९०), मायक्रोसॉफ्टची ‘एनटीएफएस’ (१९९३) व सिलिकॉन ग्राफिक्सची ‘एक्सएफएस’ (१९९४) या आरंभीच्या होत. लिनक्स या परिचालन प्रणालीत स्टीव्हन ट्वीडी यांनी रचलेली ‘एक्स्ट-३’ २००१ मध्ये समाविष्ट झाली आणि तिची पुढील आवृत्ती ‘एक्स्ट-४’ २००८ च्या अखेरीस स्थिर मानली गेली.

कार्यपद्धती : संचिकेचे नाव, आकार, मालक, तिचे खंड कोठे आहेत इ. तपशिलास रचनाविषयक माहिती म्हणतात. संचिकेतील प्रत्यक्ष मजकूर तिच्याहून वेगळा. रोजकीर्दीत यांपैकी काय लिहावयाचे, यावरून एक्स्ट-३ मध्ये तीन रीती ठरविण्यात आल्या.

पहिल्या रीतीत मजकूर आणि रचनाविषयक माहिती दोन्ही रोजकीर्दीत लिहून मग मूळ जागी लिहितात. हिच्यात संरक्षण सर्वांत अधिक मिळते. पण प्रत्येक मजकूर दोनदा लिहावा लागतो. दुसऱ्या रीतीत रोजकीर्दीत केवळ रचनाविषयक माहिती जाते. मात्र तिच्यावर निश्चितीची खूण उमटण्यापूर्वी संबंधित मजकूर मूळ जागी लिहून घेतला जातो. हीच रीत सामान्यतः प्रचारात आहे. तिसऱ्या रीतीत रोजकीर्दीत रचनाविषयक माहितीच जाते. पण मजकूर आधी लिहावा की नंतर, याचे बंधन नसते. ही बहुधा सर्वांत जलद असते. परंतु अपघातानंतर संचिकेचा आकार वाढलेला आणि आत मात्र त्या खंडात पूर्वी असलेला जुना, असंबद्ध मजकूर, अशी स्थिती संभवते. एक्सएफएस, जेएफएस व एनटीएफएस यांच्या रोजकीर्दीही रचनाविषयक माहितीपुरत्याच असतात.

एक्स्ट-३ मध्ये रोजकीर्दीवर निश्चितीची खूण साधारणपणे दर पाच सेकंदांनी उमटते. तेवढी वाट पाहणे ज्या आज्ञावलीला परवडत नाही, तिला ‘एफसिंक’ ही आज्ञा द्यावी लागते. ‘या संचिकेतील सर्व बदल कायम साठ्यावर पोहोचवा व पोहोचल्यावरच उत्तर द्या’ असा तिचा अर्थ आहे. माहितीकोशाची सारी सुरक्षितता या एका आज्ञेच्या प्रामाणिक उत्तरावर उभी असते.

माहितीकोशाची स्वतःची रोजकीर्द : एका खात्यातून रक्कम वजा करून दुसऱ्यात जमा करणे हा माहितीकोशाच्या दृष्टीने एक व्यवहार आहे. संचिका प्रणालीला मात्र त्यात दोन खंडांतील बदल एवढेच दिसते. ते दोन्ही मिळून एक आहेत हे तिला ठाऊक नसते. त्यामुळे तिची रोजकीर्द कितीही काटेकोर असली, तरी एक खंड नवा व एक जुना, अशी स्थिती ती टाळू शकत नाही. यासाठी माहितीकोश पूर्वलेखनाचा नियम पाळतो. प्रत्येक बदल आधी माहितीकोशाच्या रोजकीर्दीत लिहावयाचा, एफसिंकने तबकडीवर पोहोचवावयाचा, मगच ‘व्यवहार पूर्ण’ असे सांगावयाचे; मूळ पानांवर तो सवडीने खतवावयाचा. पोस्टग्रेस या माहितीकोशात ही व्यवस्था २००१ मध्ये आली. छोट्या उपकरणांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या एसक्यूलाइटमध्ये ती २०१० मध्ये पर्यायी रीत म्हणून उपलब्ध झाली.

आणखी एक अडचण खंडांच्या आकाराची आहे. संचिका प्रणालीचा खंड बहुधा ४ किलोबाइटचा असतो. पोस्टग्रेसचे पान ८ किलोबाइटचे व इनोडीबी या माहितीकोशाचे १६ किलोबाइटचे असते. पान लिहीत असताना वीज गेल्यास त्याचा काही भाग नवा व उरलेला जुना राहतो. अशा ‘फाटलेल्या’ पानावर रोजकीर्दीतील लहान बदल लागू करता येत नाही. यावर उपाय म्हणून पोस्टग्रेस प्रत्येक खतावणीनंतर प्रथमच बदलणारे पान रोजकीर्दीत अखंड उतरवून घेते, तर इनोडीबी पाने आधी एका राखीव जागेत लिहून मग मूळ जागी लिहिते. दोन्ही उपायांत लेखन वाढते. सुरक्षिततेचे हे मूल्य वेगाच्या रूपाने द्यावे लागते.

वेगाची मर्यादा : हे मूल्य किती, हे साध्या हिशेबाने समजते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते. एका फेऱ्यास सु. ८.३ मिलिसेकंद लागतात. रोजकीर्दीतील पुढची नोंद लिहिण्यासाठी तबकडीची योग्य जागा पुन्हा लेखनशीर्षाखाली यावी लागते. म्हणून एकामागून एक येणारे व प्रत्येकी स्वतंत्र एफसिंक मागणारे व्यवहार सेकंदाला सु. १२० पेक्षा अधिक होऊ शकत नाहीत. रोजकीर्दीची संचिका प्रत्येक वेळी वाढत असेल, तर तिचा आकार बदलल्यामुळे संचिका प्रणालीलाही स्वतःच्या रोजकीर्दीत नोंद व निश्चितीची खूण करावी लागते. एका व्यवहारासाठी असे दोन वा तीन फेरे थांबावे लागल्यास वरील संख्या ६० किंवा ४० वर येते. यावरून एका रोजकीर्दीवर दुसरी रोजकीर्द लादण्याचा परिणाम लक्षात येतो. शिवाय एक्स्ट-३ च्या दुसऱ्या रीतीत एका संचिकेसाठी दिलेल्या एफसिंकमुळे इतर संचिकांचा साठलेला मजकूरही आधी लिहावा लागे व लहानशी नोंद मोठ्या लेखनामागे अडकून पडे. फिरते भाग नसलेल्या अर्धसंवाहक साठ्यांत फेऱ्याची अडचण नसते. पण तेथेही कायम लेखनाची हमी मागितली की वेग घटतोच.

वेग वाढविण्याचे मार्ग : यांतील काही मार्ग सुरक्षिततेला बाध आणीत नाहीत. पहिला सामूहिक निश्चितीचा. एकाच वेळी आलेल्या २० व्यवहारांसाठी मिळून एकच एफसिंक दिल्यास वरच्याच तबकडीवर कमाल मर्यादा सैद्धांतिक दृष्ट्या सेकंदाला २,४०० व्यवहारांपर्यंत जाते. दुसरा मार्ग रोजकीर्दीच्या संचिका आधीच पूर्ण आकाराच्या करून ठेवण्याचा. पोस्टग्रेस १६ मेगाबाइटच्या संचिका पुनःपुन्हा वापरते. त्यामुळे आकार बदलत नाही व संचिका प्रणालीच्या रोजकीर्दीला त्रास पडत नाही. तिसरा मार्ग माहितीकोशाची रोजकीर्द वेगळ्या तबकडीवर ठेवण्याचा. चौथा मार्ग विद्युत घटाचा आधार असलेली नियंत्रकातील स्मृती किंवा वीज गेल्यावरही लेखन पुरे करू शकणारी धारित्रे असलेला साठा वापरण्याचा.

माहितीकोश स्वतःची रोजकीर्द काटेकोरपणे ठेवीत असेल, तर त्याच्या संचिकांपुरती संचिका प्रणालीची वर सांगितलेली तिसरी, शिथिल रीत वापरणे समर्थनीय ठरते. कारण मजकुराच्या क्रमाचे रक्षण माहितीकोश करतो व मांडणीचे रक्षण संचिका प्रणालीची रोजकीर्द करते. त्याच तबकडीवर इतर संचिका असतील, तर मात्र त्यांना हे लागू पडत नाही.

काही मार्गांनी सुरक्षितता कमी होते. पण किती, हे आधी सांगता येते. पोस्टग्रेसमध्ये २००८ पासून एखाद्या व्यवहारापुरती निश्चितीची वाट न पाहण्याची सोय आहे. अपघात झाल्यास शेवटच्या सु. ०.६ सेकंदातील व्यवहार नष्ट होऊ शकतात. मात्र उरलेला माहितीकोश सुसंगत राहतो. एफसिंकच बंद करणे ही गोष्ट याहून सर्वस्वी निराळी आहे. तिच्यामुळे रोजकीर्द व मूळ पाने यांचा क्रमच निश्चित राहत नाही आणि अपघातानंतर संपूर्ण माहितीकोश निरुपयोगी होऊ शकतो. पहिल्या प्रकारात काही नोंदी जातात; दुसऱ्यात कोणत्या नोंदी खऱ्या, हेच कळेनासे होते. नव्याने माहिती भरताना, मूळ प्रत हाती असेल आणि काम पुन्हा करता येत असेल, तेवढ्यापुरतेच एफसिंक बंद करणे क्षम्य ठरते.

अपघातांचा बोध : तबकड्यांतही स्वतःची छोटी स्मृती असते व माहिती तेथे पोहोचताच काही तबकड्या ‘लिहिले’ असे उत्तर देतात. हे टाळण्यासाठी परिचालन प्रणालीला तबकडीची स्मृती रिकामी करण्याचा आदेश, म्हणजे लेखनातील अडसर, घालावा लागतो. एक्स्ट-३ मध्ये हा अडसर बराच काळ मुळात बंद ठेवलेला असे. एक्स्ट-४ मध्ये तो मुळातच चालू ठेवण्यात आला. २००९ मध्ये एक्स्ट-४ च्या काही वापरणाऱ्यांना संगणक बंद पडल्यानंतर आपल्या संचिका शून्य आकाराच्या झालेल्या आढळल्या. नवा मजकूर लिहून जुन्या संचिकेच्या जागी त्याला तिचे नाव देणाऱ्या अनेक आज्ञावली एफसिंक देत नसत. एक्स्ट-३ च्या दर पाच सेकंदांच्या निश्चितीमुळे ही चूक झाकली गेली होती; वेगासाठी जागावाटप लांबणीवर टाकणाऱ्या नव्या प्रणालीत ती उघडी पडली. अशा प्रसंगांसाठी नंतर लिनक्समध्ये तरतूद करण्यात आली.

२०१८ मध्ये याहून खोल दोष लक्षात आला. तबकडीवरील लेखन अयशस्वी झाल्यास लिनक्स ती चूक एफसिंकच्या उत्तरात एकदा कळवी. पण न लिहिलेली पाने लिहिली गेल्याप्रमाणे समजली जात. पोस्टग्रेस एफसिंक पुन्हा देई व दुसऱ्या वेळी ‘यशस्वी’ असे उत्तर मिळाल्याने निश्चिंत होई. फेब्रुवारी २०१९ मधील आवृत्त्यांपासून एफसिंक एकदा जरी फसले, तरी पोस्टग्रेस मुळात काम थांबविते आणि रोजकीर्दीवरून पुनःस्थापना करते. उत्तरावर विश्वास ठेवण्याऐवजी रोजकीर्दीवर ठेवावा, हा त्यातील बोध होय.

निवड व मर्यादा : एकाच माहितीकोशातील सर्व नोंदींचे मोल सारखे नसते. उतारा किती वेळा पाहिला गेला, याची मोजदाद अर्ध्या सेकंदापुरती गेली तर कोणाचे नुकसान होत नाही. फेरफार प्रमाणित झाल्याची नोंद गेली, तर एखाद्याचा जमिनीवरील हक्क वादात सापडू शकतो. म्हणून सुरक्षिततेची पातळी संपूर्ण यंत्रासाठी एकच न ठरविता व्यवहारागणिक ठरविणे श्रेयस्कर असते. ठरविलेली पातळी खरोखर मिळते की नाही, याची परीक्षा माहितीकोश कामात असताना वीज मुद्दाम तोडून आणि ‘पूर्ण’ म्हणून सांगितलेले व्यवहार पुन्हा मोजून करतात. एफसिंकच्या बाबतीत तबकडी आपल्या फेऱ्यांपेक्षा अधिक वेगाने उत्तरे देत असेल व तिला विद्युत घटाचा किंवा धारित्रांचा आधार नसेल, तर ती उत्तरे संशयास्पद समजावीत.

रोजकीर्द हे सर्व संकटांवरील उत्तर नव्हे. तबकडीच निकामी झाली, तर रोजकीर्दही तिच्याबरोबर जाते. कोणी चुकीची नोंद केली, तर ती चूकही तितक्याच निष्ठेने जपली जाते. त्यामुळे दूर ठेवलेली स्वतंत्र प्रत आणि तिच्यावरून माहिती परत उभी करण्याचा नियमित सराव यांची जागा रोजकीर्द घेऊ शकत नाही. तिचे कार्य मर्यादित आहे : दिलेला शब्द आणि झालेले लेखन यांत अंतर पडू न देणे. वेगासाठी हे अंतर वाढविता येते. मात्र ते किती वाढविले आहे, हे यंत्रणा चालविणाऱ्याला नेमके ठाऊक असले पाहिजे.